थाळीतली रिकामी जागा

मित्रांनो, माझ्या काठावर एक पोचा आहे. अंगठा ठेवला तर बरोबर बसेल एवढा. मला घासणाऱ्या प्रत्येकीने विचारलं, "हा कशानं पडला गं?" आणि प्रत्येकीला निराळंच उत्तर मिळालं. खरं उत्तर माझ्यापाशी आहे. मी पितळेची थाळी, वय सत्तरीच्या पुढे, राहणार अड्यार, चेन्नई, दुसरा मजला, हरिणीच्या कॉम्प्युटरशेजारी.

माझा जन्म कुंभकोणमजवळच्या एका तांबटाच्या भट्टीत झाला. तंजावरच्या तुकोजी भागवतरांनी मला विकत घेतलं. तुकोजी हरिकथा सांगत. काय सांगू तुम्हाला त्या आवाजाची गोडी! पूर्वरंगात ते एकच पद घेत आणि त्यातून भक्तीचा अर्थ असा उलगडत, की हट्टी माणसाचीही मान खाली जाई. मग मध्ये थोडा विसावा असे. हार घालायचे, बुक्का लावायचा, सगळ्यांनी नामगजर करायचा. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे प्रत्यक्ष कथा. द्रौपदीची हाक त्यांनी मारली, की मंडपातल्या बायका पदर तोंडाला लावत. मी कुंकू, बुक्का आणि विडे घेऊन बाजूला बसलेली असे. त्या दिवसांत मला वाटे, माझ्यासारखी भाग्यवान थाळी साऱ्या कावेरीकाठी नसेल.

पण तुकोजींना पैशाचा शब्द काढता येत नसे. एकदा एका गावी त्यांनी सलग सात दिवस कथा केली. सातव्या दिवशी मंगळारती झाली, प्रसाद वाटला गेला, आणि यजमान म्हणाले, "संभावना घरी पोचती करतो." ती कधीच पोचली नाही. तुकोजींच्या पत्नी राजसबाई मला रिकामीच घेऊन बांधावरून परतत होत्या. घरात तांदूळ नव्हता. मी त्यांच्या हातून निसटले आणि दगडावर आपटले. हाच तो पोचा, मित्रांनो.

त्यानंतर राजसबाईंनी एक रीत घातली. कथा ठरली की आधी विसार, म्हणजे थोडी आगाऊ रक्कम. आणि पूर्वरंग संपला, नामगजर सुरू झाला, की त्या मला घेऊन यजमानीणबाईंकडे जात. माझ्यात एका बाजूला कुंकू, एका बाजूला पान, एका बाजूला सुपारी. चौथी बाजू मोकळी. राजसबाई हसून एवढंच म्हणत, "एक जागा रिकामी आहे, अक्का." ती भरली की त्या मागे वळून मान हलवत, आणि तुकोजी उत्तररंगाला उभे राहत. भांडण नाही, चढा आवाज नाही. लोक म्हणत, "भागवतर पैशाचा शब्द काढत नाहीत हो!" खरंच होतं ते. त्यांना काढावा लागत नव्हता.

काळ लोटला. दोघंही हरिचरणी गेली. मुलगा नोकरीसाठी मद्रासला आला आणि मी माळ्यावर पडले. माझ्यावर हिरवट डाग चढले. घरात राहिली ती आजोबांची, म्हणजे ताताची, अर्धी गोष्ट, "आपल्या ताताने कधी पैशाचा शब्द काढला नाही." अर्धी गोष्ट फार वाईट, मित्रांनो. तिच्यावर नात वाढली.

ती नात हरिणी. आईवडील गेल्यावर ती एकटीच राहते. गिंडीतलं तिचं ऑफिस बंद पडलं तेव्हा तिने हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला आणि घरूनच काम सुरू केलं. यंत्र कसं जोडायचं, तेल कुठे घालायचं, काय बिघडलं तर काय करायचं, हे चित्रांसकट सांगणारी पुस्तकं ती कारखान्यांना करून देते. मला तिने माळ्यावरून काढलं खरं, पण माझ्यात काय ठेवलं? टाचण्या, क्लिपा, संपलेली पेनं.

तिच्याकडे काम घेऊन आले वादिराज. इरुंगाट्टुकोट्टैला त्यांचा यंत्रं बनवण्याचा छोटा कारखाना. माणूस गोड. आल्या आल्या भिंतीवरच्या पांडुरंगाला हात जोडले. "तुझ्या ताताचं कीर्तन ऐकत वाढलो मी, अम्मा. आपण आपली माणसं. कागद कसले करायचे आपल्यात?" हरिणीने कागद केला नाही. काम पुरं करून दिलं, त्याचे बावीस हजार झाले. सात महिने गेले, पैसे आले नाहीत. ती फोन करी, देवदर्शनाची चौकशी करी, तब्येतीची करी, आणि पैशाचा शब्द ओठांवर आला की "बरं मामा, ठेवते" म्हणे. मी क्लिपांखालून ऐकत असे आणि माझं पितळ तापत असे.

मग वादिराजांनी दुसरं, मोठं काम दिलं. साठ हजारांचं. तेही तोंडीच. तोवर कॉम्प्युटरचे तीन हप्ते थकले होते. फायनान्स कंपनीचं पत्र आलं. गुरुवारी चार वाजेपर्यंत तेरा हजार भरा, नाहीतर कॉम्प्युटर उचलू. कॉम्प्युटर गेला की काम गेलं, आणि काम गेलं की हे घरही जाणार, हे तिला कळत होतं. मलाही.

नवरात्र होतं. हरिणीने तीन पायऱ्यांवर बाहुल्यांचा छोटा कोलू मांडला होता. सोमवारी सुब्बा आले, तुकोजींच्या कथेला मृदंग वाजवणारे. ऐंशी उलटलेली, पण बोटं अजून मांडीवर ताल धरणारी. त्यांना विडा द्यायचा म्हणून हरिणीने मला रिकामं केलं, चिंचेने घासलं आणि पुढे आणलं. सुब्बांनी पोच्यावर बोट ठेवलं आणि त्यांचे डोळे भरले.

"अय्यो, हिला तू टाचण्यांना लावलीस?"

मग हरिणीने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पण कसं मागू, सुब्बा ताता? आमच्या ताताने कधी..."

"तुझा ताता बोलत नव्हता, पोरी. थाळी बोलत होती! माझ्या घरातली चूल पेटली ती या रिकाम्या जागेमुळे." आणि त्यांनी राजसबाईंची रीत पहिल्यापासून सांगितली. हरिणीने आपला अंगठा माझ्या पोच्यात ठेवून पाहिला. मला वाटलं, पन्नास वर्षांनी मला कुणीतरी ओळखलं.

दुसऱ्या कामातल्या पुस्तकाचा अर्धा भाग तिने आधीच देऊन टाकला होता. उरलेला तयार होता. तिने वादिराजांना फोन केला. "मामा, पूर्वरंग झालाय. त्याचे तीस हजार आले की उत्तररंग देईन. राहिलेले तीस आठ दिवसांत, तेवढं लिहून द्या." पलीकडून फोन आदळला गेला.

मंगळवार गेला. बुधवार गेला. फोन वाजला नाही. बुधवारी दुपारी हरिणीने दोनदा रिसीव्हर उचलला आणि दोनदा खाली ठेवला. तिला वाटत होतं, आपल्या हट्टापायी सगळंच हातचं जाणार. एकदा तर उरलेल्या भागाची सीडी पाकिटात घालून ती कुरिअरवाल्याकडे निघालीही होती. दारापर्यंत गेली आणि परत आली. मी नुसती बघत होते. थाळीला हात नसतात, मित्रांनो.

गुरुवारी सकाळीच सुब्बा येऊन बसले. "मी काही बोलणार नाही. नुसता साथीला." हरिणीने माझ्यात एका बाजूला कुंकवाचा करंडा ठेवला, एका बाजूला पान-सुपारी, एका बाजूला सीडी. चौथी बाजू मोकळी.

दोन वाजता वादिराज आले. घामाघूम. "लॉरी दारात उभी आहे माझ्या! यंत्र आज गेलंच पाहिजे, आणि पुस्तकाशिवाय ते लोक उतरवून घेणार नाहीत. दे सीडी. हा घे चेक."

"यावर पुढच्या महिन्याची तारीख आहे, मामा."

"तारखेचं काय एवढं? देवाचे सगळे दिवस सारखेच."

"मग आजचीच घाला."

वादिराजांचा चेहरा बदलला. "तुझ्या ताताने कधी हात पुढे केला नाही. आणि तू पांडुरंगाखाली बसून वसुली करतेस? लाज वाटली असती त्यांना!"

हरिणीचा अंगठा माझ्या पोच्यात होता. मला तिची नाडी लागत होती, मृदंगाच्या द्रुत लयीसारखी. क्षणभर वाटलं, ही आता सीडी उचलून देणार. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"एक जागा रिकामी आहे, मामा."

वादिराजांची नजर माझ्यावर गेली. न राहवून सुब्बा हळूच म्हणाले, "वादी, तुझी आई दर रामनवमीला ही जागा भरायची. वर खणही ठेवायची. आठवतं का?"

वादिराजांनी चपला घातल्या आणि ते जिना उतरून गेले.

तीन वाजले. साडेतीन झाले, म्हणजे बँक बंद. हरिणी पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. पावणेचारला जिन्यावर पावलं वाजली. ती उठली. फायनान्सची दोन माणसं होती.

"चार वाजायचेत अजून," ती म्हणाली.

"तोवर वायरी काढून ठेवतो, मॅडम. आम्हाला तांबरमला पोचायचंय." एकाने वाकून पडद्याची वायर ओढलीसुद्धा. पडदा काळा झाला. सुब्बांची बोटं मांडीवर थांबली.

आणि पुन्हा पावलं. धापा टाकत वादिराज. हातात पिवळी कापडी पिशवी. कुणाशी न बोलता त्यांनी त्यातून नोटांची पुडकी काढली आणि एकेक करून माझ्या रिकाम्या जागेत ठेवली. ते वजन माझ्या तळाला लागलं तेव्हा मला राजसबाईंची चाल आठवली.

हरिणीने नोटा सगळ्यांसमोर मोजल्या, पुरे तीस हजार. तेरा हजार त्या माणसाला दिले, पावती घेतली. म्हणाली, "आता वायर लावून द्या." मग सीडी, आणि मामींसाठी कुंकू, पान, सुपारी वादिराजांच्या हातात दिली. उरलेल्या पैशांचं त्यांनी दोन ओळींत लिहून दिलं.

"तुझी आजी हसून मागायची," ते कुरकुरले.

"विसार आधी आला की मीही हसेन, मामा."

यावर सुब्बा एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. वादिराजांच्याही ओठांचा कोपरा हलला, हे मी पाहिलं.

ते राहिलेले तीस हजार नवव्या दिवशी आले. आधीचे बावीस हजार मात्र आजवर आले नाहीत. येतील असं वाटतही नाही. न बोलून गेलेलं कधी कधी परत येत नाही. पण हरिणी आता काम घेताना आधी दोन कागदांवर लिहिते, एक त्यांचा, एक आपला. विसार घेते. निम्म्यावर थांबते. कुणी रागावून निघून जातं, तेव्हा ती दिवसभर उदास असते. मग काम देणारा दुसरा कुणी येतो.

मित्रांनो, समई तेल मागते म्हणून तिची भक्ती उणी होत नाही. तुमच्याही घरात कुठल्यातरी माळ्यावर अशी एखादी वस्तू असेल. तिला खाली काढा. तिची पुरी गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्याला, तो आहे तोवर, विचारून घ्या. आणि मला हवं तेवढं घासा, चिंच लावा, राख लावा, लख्ख करा. पण कुणी हौसेने ठोकून सरळ करायला निघालं, तर त्याला थांबवा. तो पोचा राहू द्या. हरिणीचा अंगठा तिथे बसतो.