उत्तरपूजा

मधुराने सुतळीचं टोक दातात धरलं आणि पाण्याच्या टाकीचं झाकण कोपराने दाबून गाठ मारली. वारा इतका होता की ओढणी तिला दोनदा कमरेला खोचावी लागली. शेजारच्या छतावर व्यासजी आपल्या शेडचा पतरा विटांनी दाबत होते.

"भाभीजी, जल्दी नीचे जाओ! अभी तो शुरुआत है!" ते ओरडले.

उज्जैनला समुद्र नाही. त्यामुळे वादळाची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं, हे फ्रीगंजात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. गुजरातच्या किनाऱ्याला धडकलेलं वादळ माळव्यात येता येता अर्धमेलं होईल, असं टीव्हीवरचे लोक सांगत होते. तरी तात्यांनी, म्हणजे मधुराच्या सासऱ्यांनी, उन्हाळ्यात भरावीत तशी घरातली झाडून सगळी भांडी पाण्याने भरून ठेवली होती. काल टावर चौकातून त्यांनी मेणबत्त्या आणल्या, त्याही लग्नघराला पुरतील इतक्या. सासूबाईंना, विनोदिनीबाईंना, वादळाची नव्हे तर भाज्यांची काळजी. महालक्ष्म्या कालच बसल्या होत्या, आज त्यांच्या जेवणाचा दिवस, आणि मंडई बंद. सोळा भाज्यांचा हिशेब जमवायला त्यांनी कोथिंबीर आणि हिरवी मिरचीसुद्धा भाज्यांमध्ये धरली होती. देवी समजून घेतील, असं त्यांचं म्हणणं.

मधुराचा फोन वाजला. प्रसाद, तिचा नवरा, परवापासून बडोद्याला होता. त्याचा मोठा भाऊ आल्हाद तिथल्या दवाखान्यात होता. दोन वर्षं डायलिसिसवर काढली होती त्याने. लग्न नाही, बायको-पोरं नाहीत, कंपनीच्या क्वार्टरमध्ये एकटा माणूस.

"मधुरा, दादा गेला."

एवढ्या वाऱ्यातही ते शब्द तिला स्वच्छ ऐकू आले. टाकीला टेकून ती खाली बसली.

"दाहोदच्या पुढे झाडं पडलीयत, रस्ता बंद आहे," प्रसाद पुढे म्हणाला. "उद्या सकाळी निघतो. त्याला घरीच आणतो. आईला सांगू नको. तिचं बीपी केव्हा चढेल भरोसा नाही, आणि या आंधीत डॉक्टर कुठून आणशील? त्यात महालक्ष्म्या बसल्यात. उद्याची उत्तरपूजा होऊ दे, त्या उठू दे, मग तात्या सांगतील. मी येण्याआधी तिला कळलं पाहिजे फक्त. एकदम गाडी दारात नको."

फोन ठेवून तिने मान वळवली, तर जिन्याच्या तोंडाशी तात्या उभे होते. हातात दोरीचं भेंडोळं होतं.

"प्रसाद होता?"

तिने मान हलवली. दोरी खाली ठेवून तात्या जिन्याच्या पायरीवर बसले आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता. मधुराला रडायचं होतं, पण खाली खलबत्त्यात वेलची कुटल्याचा आवाज येत होता. त्या आवाजावर रडणं तिला जमेना.

"आपल्याला कळलं," तात्या म्हणाले. "म्हणजे तुला-मला सुतक लागलं. आपण आता देवाला शिवायचं नाही, नैवेद्याला हात लावायचा नाही."

"आणि आई?"

"तिला कळलेलं नाही. जोवर कळत नाही, तोवर तिला नाही. एरवी दुसऱ्या गोत्राचा कोणी बोलावून महालक्ष्म्या उठवल्या असत्या. आज कोण येतंय घराबाहेर? सगळं तिलाच करावं लागेल. गुडघे दुखतायत बिचारीचे."

त्यांचा मुलगा गेला होता आणि ते बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते. मधुराने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

खाली आल्यावर पहिलं खोटं तीच बोलली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाली, "आई, मी बाजूला झाले."

विनोदिनीबाई पुरण वाटत होत्या. त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आजच का? बरं. आता बायकांच्या जातीला कोण काय म्हणणार! दाराजवळच्या चटईवर बस."

पाठोपाठ तात्या आले. उजव्या मनगटाला फडकं गुंडाळलेलं होतं. "जिन्यात पाय घसरला. मुरगळलंय. पूजा काही माझ्याच्याने होत नाही आज. तूच करून टाक."

"वा! म्हणजे स्वयंपाक मी, पूजा मी, आरती मी. तुम्ही दोघं पाहुणे!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पुरणाकडे वळल्या.

मधुरा चटईवर बसली. हातांना काम नसलं की मन मोकाट सुटतं. बसल्या बसल्या तिला आठवलं. हरतालिकेला ती बाजूलाच होती. त्या दिवशी तिच्याऐवजी शेजारच्या व्यासभाभींनी वाळूची पिंड करून दिली होती. मधे गणपती, आणि लगेच महालक्ष्म्या. हरतालिकेला पुरता आठवडाही झाला नव्हता! खोटं बोलायचं तर ते तरी धड बोलावं माणसाने. पण आई काही म्हणाल्या नव्हत्या. कामाच्या गडबडीत त्यांच्या लक्षात आलं नसेल, असं तिने स्वतःला समजावलं. सासूबाईंच्या लक्षात काही येत नाही असं या घरात आजवर कधी घडलं नव्हतं, हे मात्र तिने मनात येऊ दिलं नाही.

दुपारी वादळ खऱ्या अर्थाने आलं. आधी लाइट गेली. मग गल्लीतल्या कडुलिंबाची फांदी तारांसकट कोसळली. कोणाच्या तरी शेडचा पतरा खडखडत रस्त्याने गेला आणि त्याच्या मागे कुत्री भुंकत गेली. बैठकीच्या खोलीत ज्येष्ठा आणि कनिष्ठा, लोखंडी स्टँडवर पितळी मुखवटे, अंगावर नव्या साड्या, अशा शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या मागे भैरवगढची छापील चादर पडद्यासारखी बांधली होती. ती सारखी फुगत होती. मधुरा दाराशी चटईवर, तात्या समोर खुर्चीवर. दोघं एकमेकांकडे बघायचं टाळत होते.

खिडकीची कडी उडाली आणि वारा घरात घुसला. चादर सुटली, समया विझल्या, आणि ज्येष्ठेचा स्टँड पुढे कलला.

मधुरा झेपावली. तात्याही खुर्चीतून उठून धावले. देवीपासून वीतभर अंतरावर दोघांचे हात थांबले. चार हात हवेत तसेच्या तसे. मुखवटा डुलत होता, साडीच्या निऱ्या उडत होत्या, आणि दोघांपैकी एकालाही हात पुढे करवेना.

विनोदिनीबाई स्वयंपाकघरातून आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी इतकं पळता येत असेल असं वाटलं नसतं. त्यांनी ज्येष्ठेला कवेत घेतलं, मुखवट्यावर हात दाबून धरला, आणि पाठ खिडकीकडे करून त्या उभ्या राहिल्या. पाऊस आडवा आत येत होता, त्यांचा पदर भिजत होता. तशा उभ्या असताना त्यांनी दोघांकडे पाहिलं. सुनेचे थांबलेले हात पाहिले. नवऱ्याचेही पाहिले. फडक्यातलं मनगट छान वळलेलं होतं, आणि मनगट मुरगळलं म्हणून कोणी देवाला शिवायचं थांबत नाही.

तात्यांनी हात मागे घेतले.

"खिडकी लावा," विनोदिनीबाई म्हणाल्या. "तिला शिवायला काही हरकत नाही."

मधुराने खिडकी लावली. आता आई विचारणार, आणि आपल्याला खोटं बोलता येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांनी विचारलं नाही. स्टँड सरळ केला, निऱ्या परत बसवल्या, समया लावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन कढईत कुरडई सोडली.

मग नैवेद्य झाला, आरती झाली. दरवर्षी या आरतीला घर दणाणून जायचं. आज वाऱ्यात एकट्या विनोदिनीबाईंचा बारीक आवाज होता, तोही मधेमधे वाराच घेऊन जायचा. तात्यांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. आरती संपल्यावर बाईंनी दरवर्षीसारखा स्टीलचा डबा काढला. आल्हादला येणं जमेनासं झाल्यापासून त्याच्या पुरणपोळ्या या डब्यातून जात. तात्या देवास गेटला जाऊन बडोद्याच्या बसच्या कंडक्टरकडे तो सोपवून येत. बाईंनी पोळ्यांना तूप लावलं, घड्या घातल्या, डबा भरला, झाकण दाबून लावलं. कुठे पाठवायचा, कधी पाठवायचा, एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हा मधुराच्या लक्षात आलं. रोज सकाळपासून दहा वेळा त्या विचारत, "आल्हादकडचा फोन आला का ग? प्रसाद काय म्हणतो?" आज खिडकी उघडल्यापासून त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना कळलं होतं. आणि त्यांना ते ऐकायचं नव्हतं. कानावर पडलं नाही तोवर सुतक नाही, आणि सुतक नाही तोवर काहीच झालेलं नाही. मधुराचा जीव तुटला. उठून त्यांना मिठी मारावी असं वाटलं, पण तेवढ्यानेही सांगितल्यासारखंच झालं असतं. ती चटईवरून उठली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. गल्लीत पानांचा चिखल झाला होता आणि व्यासजी आपला पतरा शोधत फिरत होते. दुपारी प्रसादचा मेसेज आला, "बडनगर सोडलं." तात्यांनी तो मधुराला दाखवला. म्हणजे फार तर तासाभराचा अवकाश.

"अगं, उत्तरपूजा उरकून घेऊ या का?" तात्या जरा मोठ्याने म्हणाले. "उशीर होतोय."

"घेऊ या की."

पण त्या उरकत नव्हत्या. दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मग आठवलं म्हणून मीठ घातलं आणि पुन्हा दाखवला. दोघींना हळदकुंकू लावलं. कनिष्ठेची निरी वाकडी वाटली म्हणून ती सगळी सोडून परत घातली, जणू तिला आता सासरी नव्हे तर लग्नाला जायचं आहे. ओटी भरली. ओटीतली सुपारी घरंगळली, ती पाटाखालून काढायला वेळ लागला. तात्या घड्याळाकडे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. मनगटाचं फडकं त्यांनी अजून सोडलं नव्हतं. आता ते कोणासाठी बांधलं होतं कोण जाणे.

शेवटी करण्यासारखं काही उरलं नाही. विनोदिनीबाईंनी उजव्या हातात अक्षता घेतल्या. त्या देवींवर टाकायच्या, मुखवटे जागेवरून जरा हलवायचे, की महालक्ष्म्या गेल्या. तात्या दोन पावलं पुढे आले. त्यांचे ओठ हलत होते. काय आणि कसं सांगायचं, ते आतल्या आत घोकत असावेत. मधुराने बीपीच्या गोळ्या ओढणीआड धरल्या होत्या.

विनोदिनीबाईंनी हात वर उचलला. मूठ तशीच मिटलेली राहिली.

"आई," मधुरा हळूच म्हणाली.

मूठ उघडली नाही. पांढरी पडेस्तोवर त्यांनी ती आवळली होती. एक-दोन दाणे बोटांच्या फटीतून निसटू लागले, तसा त्यांनी डावा तळहात खाली धरला आणि ते झेलले.

"अगं, टाक ना," तात्या म्हणाले. "टाक आता."

"थांबा हो जरा. घाई कसली आहे तुम्हाला?" देवींवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "अजून वारा आहे केवढा. असल्या वाऱ्यात लेकीबाळींना घराबाहेर काढतात का कोणी?"

बाहेर कडुलिंबाचं पानही हलत नव्हतं. अंगणातल्या दोरीवर कालच्या भिजलेल्या साडीचा पदर सरळ खाली लोंबत होता. तात्यांच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी तो वाजू दिला.

मधुरा उठली. उंबऱ्याशी जाऊन तिने बैठकीचं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

"हो, आई," ती म्हणाली. "खूपच आहे वारा."