रिमूव्ह झालेल्यांची सावड

“तुले कोनं काढलं?” डोमाजीनं आधी हेच विचारलं.

“कोनीच नाही, काका. मीच आलो.”

“मंग नाही जमत. इथं काढलेलेच बसते.”

हे बोलणं झालं बोरगोट्याच्या फाट्यावर, वाहिदभाईच्या दुकानापुढं, जिथं फवारणीचे पंप दुरुस्त होतात. ज्याला हा जवाब मिळाला तो अतुल होता. ‘आपला बोरगोटा, एक परिवार’ या व्हॉट्सॲप ग्रुपचा संस्थापक आणि ॲडमिन.

परिवार सुरू झाला तेव्हा त्यात त्रेसष्ट माणसं होती. अतुलनं चौदा नियम टाकले आणि जो मोडेल त्याला काढायला लागला. डोमाजीला फोनमधलं एकच चित्र पाठवता यायचं. अतुलच्या वाढदिवसाला त्यानं मनापासून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली. काढला. मथुराबाईनं बोंडअळीच्या चर्चेत आवाज पाठवला, “सल्ले देऊन राह्यला बाप्पू, वावरात कधी जातं?” काढली. वाहिदभाईनं पंपाचा वायसर कसा बदलायचा ते नऊ मिनिटं समजावून सांगितलं, मधे चहाही पिऊन घेतला. काढला. मग बाकीच्यांनी विचारलं, वाहिदभाई कुठं गेले? त्यांनाही काढलं, कारण नियम नऊ: ॲडमिनच्या निर्णयावर प्रश्न विचारू नये. असं करता करता दिवाळीपर्यंत परिवारात दोनच जण उरले. एक अतुल, दुसरा उकंडा.

उकंडा वर्षभरात एक अक्षर बोलला नव्हता. अतुलनं त्याला ‘आदर्श सभासद’ असं रंगीत प्रमाणपत्र बनवून पाठवलं. त्यावरही तो काही बोलला नाही.

काढलेल्यांनी जावं कुठं? हातात फोन, पण उघडायला काही नाही. मग ती माणसं वाहिदभाईच्या दुकानापुढं जमू लागली. पहिल्यांदा जमली ती अतुलला शिव्या द्यायला. शिव्या आठ दिवसांत संपल्या, नवीन सुचेनात, मग आपोआप पिकावर बोलणं आलं. ते साल गुलाबी बोंडअळीचं. बोंड बाहेरून तरतरीत, आणि फोडलं की आत अळी आरामात बसलेली. जो काही कापूस फुटला तो वेचायला मजूर मिळेना. त्या कापसानं अंगाला अशी खाज सुटायची, की वेचणाऱ्या बाया दुपारीच कमरेला बांधलेल्या कापसाच्या ओट्या सोडून घरची वाट धरायच्या.

मथुराबाई म्हणाली, “मंग आपनच खाजवू न. आज तुह्या वावरात, उद्या माह्या.” अशी सावड सुरू झाली. अकरा घरं, रोज एकाचं वावर, आणि सगळ्यांत मिळून खोबरेल तेलाचा एक डबा.

इकडं अतुलची चार एकर पऱ्हाटी फुटलेल्या कापसानं पांढरी होऊन उभी होती. पाच दिवसांत पाऊस येणार हा अंदाज त्यानंच ग्रुपवर टाकला होता. उकंड्यानं वाचला असावा. फुटलेला कापूस भिजला की पिवळा पडतो, मातीत लोळतो, आणि वर्षाची मेहनत गेलीच म्हणून समजा. अतुलची बायको पायल दोन दिवसांपासून एकटीच वेचत होती. नवऱ्याशी तिनं बोलणं टाकलं होतं. पाठ खाजवायला तेवढी बोलवायची.

म्हणून अतुल फाट्यावर आला होता.

“काका, कापूस लोंबून राह्यला माहा. मले घ्या न सावडीत.”

“सांगतलं न, नियम हाये.”

“कोन्या गाढवानं केला असा नियम?”

“केला आमीच. पन शिकलो तुह्यापासून,” डोमाजी म्हणाला आणि तंबाखू मळू लागला.

“बरं, मी आत्ताच ग्रुप सोडतो. हे पाहा, लेफ्ट होतो.”

वाहिदभाईनं उघड्या पंपातून डोकं वर काढलं. “लेफ्ट होनं अलग, अतुलभाऊ, अन् रिमूव्ह होनं अलग. लेफ्टवाला आपल्या मर्जीनं जाते. इज्जत साबूत. आमची गेलती. थोडी तुमची बी जाऊ द्या.”

“तुले कोनी काढलं का मंग ये,” मथुराबाई म्हणाली. “च्या पाजीन तुले.”

अतुल थेट उकंड्याच्या अंगणात गेला. उकंडा बाज विणत होता. अतुलनं तिथंच त्याला ॲडमिन केलं आणि सांगितलं, “दाब आता इथं. काढ मले.”

उकंड्यानं हात धोतराला पुसले, फोन लांब धरून पाहिला आणि त्या वर्षातलं पहिलं वाक्य बोलला.

“कारन?”

“कायचं कारन?”

“काढाले कारन लागते. नियम दोन.”

“तुनं नियम वाचले?”

“रोज वाचतो. दुसरं होतंच काय तिथं वाचाले?”

अतुल कामाला लागला. भरदुपारी त्यानं गुलाबाची फुलं आणि ‘शुभ सकाळ’ पाठवलं. उकंड्याचं उत्तर आलं, ‘पहिली चूक. माफ.’ दुसऱ्या दिवशी त्यानं एका पक्षाचा झेंडा टाकला. ‘दुसरी चूक. सुधारा.’ मग अतुलनं सरळ उकंड्यालाच शिवी दिली. उकंड्यानं ती मनावर घेतली नाही. ॲडमिननं मन मोठं ठेवावं, असं त्यानं लिहिलं, ग्रुपवर स्वतःचा फेटा बांधलेला फोटो लावला आणि नाव बदलून ‘आपला बोरगोटा, एक शिस्त’ असं केलं.

तिसऱ्या सकाळी आभाळ भरून आलं. अतुल बांधावर उभा होता. समोर कापूस, वर ढग, मधे एकटी पायल. त्याच्या डोक्यातल्या युक्त्या संपल्या. त्यानं खरं तेच लिहिलं:

‘उकंडाभाऊ, आभाळ आलं. माह्या वावरात वेचाले येता का?’

फोन लगेच वाजला. ‘नियम चार. वैयक्तिक कामं ग्रुपवर टाकू नये.’ आणि त्याखाली: उकंडा यांनी तुम्हाला काढले.

अतुल वावरातच नाचला. पायलनं पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

फाट्यावर तो फोन हातोहात फिरला. डोमाजीनं उलटा धरून खात्री केली. वाहिदभाईनं चहा मागवला. सगळ्यांनी अतुलचं अभिनंदन केलं.

“मंग आज माह्या वावरात?” अतुलनं विचारलं.

“तुहा नंबर आखरी,” मथुराबाई म्हणाली. “पाच वावरं बाकी हायेत. तुहं सहावं.”

“काकू, पाऊस आजउद्यात येते!”

“आमच्यासाठी का चैतात येते?”

पाऊस दुसऱ्या दिवशी आला. अर्धाच तास, पण थेंब सुपारीएवढे. तेव्हा अतुल ओटी बांधून डोमाजीच्या वावरात होता. बांधापलीकडं त्याचं स्वतःचं वावर भिजत होतं आणि पायल वेचलेल्या ढिगावर ताडपत्री ओढत होती. तो पळत सुटणार, तोच मागून डोमाजी ओरडला, “पह्यले हा ढीग झाक! मंग सारेच जाऊ तिकडं.” आणि खरंच सगळे गेले. ताडपत्रीचे चार कोपरे दहा जणांनी धरले, तेव्हा कुठं ती वाऱ्याला आवरली.

सहाव्या दिवशी अकराही घरं अतुलच्या वावरात उतरली. शेंड्याकडचा कापूस वाळून बरा निघाला, खालचा चिखलात गेला होता. बरा एका गाठोड्यात, भिजका दुसऱ्यात. कुणी अतुलला बोलून दाखवलं नाही. खाजवायलाच हात पुरत नव्हते.

दुपारी बांधावर उकंडा येऊन उभा राहिला. त्याला ना वावर, ना कापूस. गेले पाच दिवस तो एकटाच ग्रुपमध्ये होता आणि स्वतःलाच नियम लावून कंटाळला होता.

“मीच उरलो,” तो म्हणाला. “आता मले कोन काढन?”

मथुराबाईनं एक रिकामी ओटी त्याच्या अंगावर फेकली. “बांध. अन् थे तिसऱ्या ओळीचं तास धर.”

अतुलनं कंबर सरळ केली. “वा काकू! याले तसंच घेता? मले तीन दिवस नाचवलं. थो बी ॲडमिनच हाये न!”

“हाये न. पन तुनं एकसष्ट मानसं काढली,” मथुराबाई म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते. “थ्यानं एकच काढला. अन् थो काढासारखाच होता.”

वावर हसलं. पायलसुद्धा हसली. अतुल काहीतरी बोलणार होता, पण पाठीच्या बरोब्बर मधोमध, जिथं आपला हात पोचत नाही तिथं, खाज सुटली होती. तो मुकाट्यानं डोमाजीकडं पाठ करून उभा राहिला.