किल्ली कुणाच्या खिशात

“ही चाइल्ड नाहीये,” मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी चाकाची खुर्ची दारातच अडवली. “अ‍ॅडल्टमध्ये न्या.”

खुर्ची ढकलणारा लिफ्टवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, उंबऱ्यापाशीच थांबला. अ‍ॅडल्टमधूनच तर ते आले होते. तिथे सांगितलं होतं, अठरा पूर्ण नाहीत, अ‍ॅडोलेसंट आहे, मुलांकडे विचारा. खुर्चीत त्याची मुलगी होती. बघता बघता बापाच्या डोक्याच्या वर गेलेली, म्हणून घरात तिला शिडी म्हणत. सिस्टरांनी फोन उचलला आणि दोघांना समोरच्या बाकापाशी थांबायला सांगितलं.

सकाळपासून हेच चाललं होतं. नोंदणीच्या खिडकीत ती मायनर होती. एक्स-रेवाल्याने तिला यंग लेडी केलं. भूल देणारे डॉक्टर तिचं वजन बघून म्हणाले, औषधाच्या मात्रेपुरती अ‍ॅडल्टच धरू. समुपदेशक बाई तिच्याकडे न बघता त्यालाच सांगून गेल्या की टीनएजर्सना जपून हाताळावं लागतं. इंग्रजी त्याला कामापुरतं येत होतं. लिफ्ट दुरुस्त करताना मोटर म्हणजे मोटर आणि ब्रेक म्हणजे ब्रेक. इथे दार बदललं की एकाच पोरीचा शब्द बदलत होता, आणि शब्दाबरोबर नियमही.

“ह्यातली तू नक्की कोण गं?” त्याने विचारलं.

“मायनर म्हणजे जिला विचारायचं नसतं ती. टीनएजर म्हणजे जिचं ऐकायचं नसतं.”

“आणि यंग लेडी?”

“हलू नको म्हणायचं असलं की.”

तो हसला. हे ती गमतीने म्हणाली की समजून, त्याला कळेना. तिला खरोखरच कुणी विचारलं नव्हतं. तिच्या गुडघ्यातली गाठ जीवघेणी नव्हती, पण हाड पोखरत चालली होती. सर्जननी त्याला एकट्याला बोलावून दोन वाटा सांगितल्या होत्या. तेवढं हाड काढून पाय कायमचा सरळ जोडायचा. भक्कम होईल, पुन्हा बघायला नको, पण गुडघा वाकणार नाही. नाहीतर धातूचा सांधा बसवायचा. तो वाकेल, पण झिजेल, आणि काही वर्षांनी पुन्हा चिरफाड. तिचं व्हॉलीबॉल खेळणं दोन्हीकडे संपलंच. त्याने सरळ पाय निवडला. फिरता भाग झिजतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बायको म्हणाली, आत्ता काही बोलू नका, पोर हाय खाईल. शिडीला वाटत होतं, गाठ खरवडतील आणि सुट्टी संपली की ती पुन्हा मैदानावर. ऑपरेशन उद्या होतं. संमतीचा कागद त्याच्या खिशात होता, सरळ पायाच्या चौकोनात त्याने खूण घातली होती, सही व्हायची होती.

बाकासमोर दवाखान्याची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या कंपनीचा मेकॅनिक आला, भिंतीवरच्या मेन स्विचला त्याने स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि तो लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. लिफ्टवाल्याने सवयीने मान हलवली. काम नीट होतं.

शिडीही तिकडेच बघत होती. “लहानपणी मी तुमच्याबरोबर कामावर यायचे, आठवतं? मी म्हणायचे, किल्ली माझ्याकडे द्या, मी सांभाळते. तुम्ही कधीच दिली नाहीत.”

“देतात का कुठे? वर कुणी स्विच चालू केला तर खालचा गेला. जो खड्ड्यात उतरतो, किल्ली त्याच्या खिशात. मग साहेब असो नाहीतर मालक.”

“मग उद्या कोण उतरतंय, बाबा?”

त्याचा हात खिशातल्या कागदावर गेला.

“सकाळपासून खिसा चाचपताय,” ती म्हणाली. “मी काही विचारलं नाही.”

त्याने कुलपाकडे पाहिलं. बायकोला काय सांगायचं, हेही त्याला ठरवता येईना. मग तो उठला आणि खुर्ची सर्जनच्या खोलीकडे वळवली. सर्जन जरा घुटमळले. ती मायनर आहे, निर्णय तुम्हीच घ्यायचाय, म्हणाले. तो म्हणाला, तुम्ही मला सांगितलंत ते सगळं तिला सांगा, मी बाहेर थांबतो.

खोलीच्या दारावरचा पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खालून त्याला तिचे पाय दिसत होते. सर्जनचा आवाज सावकाश चालला होता, मधेच थांबत होता. शिडीचा दुखरा पाय हळूहळू मागे गेला, जेवढा वाकत होता तेवढा वाकला, पुन्हा सरळ झाला. पुन्हा मागे गेला.

त्याला आत बोलावलं तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

“वाकणारा,” ती म्हणाली.

“झिजेल गं.”

“झिजला की बदलू. तुमचं कामच आहे ना ते.”

“ती लिफ्ट असते.”

मग त्याने खिशातला कागद काढून उलगडला. सर्जननी पेन पुढे केलं. ठरवलं तिने असलं तरी सही वडिलांचीच लागणार होती. स्वतःच्या हाताने घातलेली खूण त्याने खोडली, दुसऱ्या चौकोनात नवी घातली आणि ज्यावर त्याचा विश्वास नव्हता त्या सांध्याखाली नेहमीसारखी नीट सही केली.

ते बाहेर आले तोवर मेकॅनिकने कुलूप काढलं होतं. लिफ्ट सुरू झाली होती. वॉर्डातली मदतनीस बाई आली आणि तिने खुर्चीचा ताबा घेतला. वर जागा झालीय म्हणाली, पण आता भेटायची वेळ संपली, नातेवाईक इथपर्यंतच. मग हातातल्या कागदावर काही न सापडल्यासारखी त्याच्याकडे वळली. “कशात लिहू हिला? चाइल्ड की अ‍ॅडल्ट?”

“तिला विचारा,” तो म्हणाला.

खुर्ची आत गेली आणि लिफ्टचं दार लागलं. लिफ्टवाल्याने सवयीने कान दिला. मोटर स्वच्छ चालत होती, कुठे घासत नव्हती. वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबल्याचं, दार उघडून मिटल्याचं त्याला ऐकू आलं. तरी तो तिथेच उभा राहिला, सगळं काम संपल्यावर एखाद्याने किल्ली शोधत खिसे चाचपावेत तसा.