प्रवासाचा उद्देश : बहीण

ताईचा फोन आला तेव्हा धाकटी प्रयोगशाळेत ट्रेपुढे बसून मोड मोजत होती. बियाणं किती दिवसांत रुजतं आणि शंभरातले किती दाणे रुजतात, हा तिच्या शिक्षणाचा विषय. मोजताना बोललं की आकडा हमखास चुकतो, म्हणून तिने फोन खांद्याशी दाबून धरला, कागदावर आधी 'एकाहत्तर' लिहिलं आणि मग म्हणाली, "हं, बोल."

"पित्ताशय काढायचंय," ताई म्हणाली. "पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेला. घाबरू नकोस, आमच्याकडे रोज असली चार ऑपरेशनं होतात."

धाकटी परदेशात शिकत होती आणि ताई त्या देशाला लागून असलेल्या दुसऱ्या देशातल्या एका गावात नर्स होती. 'आमच्याकडे' म्हणजे तिच्याच दवाखान्यात.

"मग अडचण काय आहे?"

"घरी सोबत असल्याशिवाय सोडत नाहीत. निदान आठवडाभर कोणीतरी हवं. हा नियम मीच रोज पेशंटना ऐकवते, आता माझ्याच गळ्यात आलाय. तू येशील?"

"येते की," धाकटी म्हणाली. जणू बाजूच्या गल्लीत जायचं होतं.

अंतर म्हणाल तर रेल्वेने तीन तासांचं. धाकटीच्या वर्गातल्या इथल्या मुली तिकडे सकाळी चपला घ्यायला जात आणि संध्याकाळी परत येत. पण त्यांचे पासपोर्ट इथले. धाकटीकडे स्वतःच्या देशाचा पासपोर्ट आणि इथे राहायला विद्यार्थी परवाना. सीमा ओलांडायची तर तिला पर्यटक व्हिसा काढावा लागणार होता. हातात पाच आठवडे होते.

वसतिगृहात तिच्या खोलीत राहणारी दुसरी मुलगी इतिहास शिकायला आली होती. पण कुठल्याही अर्जावर तिचं ठाम मत असे, म्हणून मजल्यावरचे सगळे तिला वकिलीणबाई म्हणत. धाकटीने पलंगावर कागद पसरलेले बघून तिने लगेच स्वतःची खुर्ची ओढली.

"बहिणीचं नावसुद्धा काढू नकोस," वकिलीणबाई म्हणाली. "सख्खी बहीण तिथे नोकरीला आहे म्हटलं, की त्यांना वाटणार, ही पण जाऊन ठाण मांडणार. फिरायला जाते म्हण. हॉटेलचं बुकिंग जोड, नंतर रद्द करता येतं."

"पण मी फिरायला जात नाहीये."

"गाडीच्या खिडकीतून बाहेर बघशील ना? झालं की फिरणं."

धाकटीला हे पटलं नाही, पण सोपं वाटलं. तिने 'उद्देश' या रकान्यात 'पर्यटन' लिहिलं. कॉलेजचं प्रमाणपत्र, परवान्याची प्रत, बँकेचा कागद, विमा, हॉटेलचं बुकिंग, सगळं क्रमाने लावून ती व्हिसा केंद्रात गेली. एका चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला, सहा खिडक्या, जमिनीला खिळलेल्या खुर्च्या. खिडकीतल्या माणसाने फोटो मोजपट्टीवर ठेवून बघितला, बोटांचे ठसे घेतले आणि तिचा पासपोर्ट एका निळ्या पिशवीत टाकला. सात मिनिटांत ती बाहेर आली.

बारा दिवसांनी पासपोर्ट परत आला, तो कोराच. सोबत छापील कागद होता. त्यावर नऊ कारणं होती आणि त्यातल्या एकापुढे खूण: प्रवासाचा उद्देश पटण्याजोगा नाही.

त्या गावात एक टायरचा कारखाना, एक दवाखाना आणि एक रेल्वे स्टेशन होतं. तिथे सात दिवस काय बघणार, असं कोणी धाकटीला विचारलं असतं, तर तिलाही सांगता आलं नसतं.

"माझा अंदाज जरा चुकला," वकिलीणबाई म्हणाली, आणि खुर्ची परत स्वतःच्या टेबलाशी नेली.

दुसऱ्या दिवशी धाकटी तिच्या मार्गदर्शक बाईंकडे गेली. बाई निवृत्तीला आलेल्या, बोलायला फटकळ. त्यांनी नकाराचा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"खरं लिहिलं होतंस?"

"नाही."

"मग नकार बरोबरच आहे की. आता खरं लिही. पत्र मी देते." त्यांनी तिथल्या तिथे पत्र टाइप केलं. या विद्यार्थिनीचे चाळीस ट्रे आठवडाभर मी स्वतः मोजेन. मात्र ती सव्वीस तारखेला परत आली नाही तर वर्षाचा प्रयोग फुकट जाईल आणि त्याची तक्रार मी तुमच्याकडे करीन. शेवटचं वाक्य धाकटीने काढायला सांगितलं. बाईंनी काढलं नाही.

खरं लिहायचं म्हणजे बहिणीचं निमंत्रणपत्र, तिच्या परवान्याची प्रत, दवाखान्याचा दाखला, आणि दोघी बहिणी असल्याचा पुरावा. पहिल्या तीन गोष्टी ताईने त्याच दिवशी पाठवल्या. चौथ्या गोष्टीसाठी धाकटीने दोघींचे जन्मदाखले शेजारी शेजारी ठेवले. ताईच्या दाखल्यावर बाबांचं नाव आणि आडनाव एका स्पेलिंगने होतं, तिच्या दाखल्यावर दुसऱ्या. आडनावात तर तीन अक्षरांचा फरक. नोंद करणारे कारकून वेगळे, वर्षं वेगळी. कागदावर दोघींचे बाप दोन निघाले होते.

केंद्रात फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, "वडिलांचं प्रतिज्ञापत्र चालेल. दोन्ही नावं माझीच आहेत आणि या दोघी माझ्या मुली आहेत, एवढं त्यांनी लिहून द्यायचं. नोटरीचा शिक्का हवा, कागदाचा फोटो छापून आणलात तरी चालेल. येत्या गुरुवारी सकाळी दहाची वेळ रिकामी आहे. देऊ?"

"द्या," धाकटी म्हणाली. मग घरचा नंबर काढला, पण लावला नाही.

कारण बाबा सहा वर्षांत ताईशी एक शब्द बोलले नव्हते.

बाबा छापखान्यात प्रूफं तपासायचे. ताईचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचा मजकूर त्यांनीच जुळवला, कागद स्वतः निवडला, प्रूफ तीनदा वाचलं. पत्रिका छापून झाल्या, घरोघर वाटून झाल्या. लग्नाला बारा दिवस उरले असताना ताई म्हणाली, मला हे लग्न करायचं नाही. मुलगा वाईट नव्हता, दुसरा कोणी मनात नव्हता. तिला परदेशातल्या नोकरीचं पत्र आलं होतं आणि ती जाणार होती. बाबा सायकलवर बसून ज्या ज्या घरी पत्रिका दिली होती त्या त्या घरी गेले आणि लग्न मोडल्याचं सांगून आले. त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशीपासून त्यांनी ताईशी बोलणं टाकलं. घरात तिचं नाव निघालं की ते उठून पाणी प्यायला जायचे. आई म्हणायची, एवढं पाणी पिऊन त्यांची तब्येत मात्र सुधारली.

धाकटीने आधी आईलाच गळ घातली. "तू सांग ना त्यांना."

"मी नाही हं," आई म्हणाली. "सहा वर्षं मी मधल्यामधे टपाल वाटतेय. ताईचं त्यांना सांग, त्यांचं तिला सांग. या वेळी तूच बोल. घे, देते त्यांच्याकडे."

"आत्ता नको!" असं धाकटी म्हणेपर्यंत पलीकडे बाबांचं खाकरणं ऐकू आलं.

"काय गं?"

"बाबा, एक कागद हवाय तुमच्याकडून." आणि मग तिने ऑपरेशन, नकार, दाखले, स्पेलिंग, प्रतिज्ञापत्र असं सगळं एका दमात सांगून टाकलं. सांगताना 'ताई' हा शब्द पाच-सहा वेळा आला. तिने तो गाळला नाही.

पलीकडे पावलं वाजली. मग माठावरचं झाकण उचलल्याचा आवाज. धाकटी थांबून राहिली.

"ऑपरेशन मोठं आहे?" बाबांनी विचारलं.

"मोठं नाही. पण ती एकटी आहे."

"कागद कधी हवाय?"

"गुरुवारी सकाळी दहाला माझी वेळ आहे."

"म्हणजे बुधवारी संध्याकाळी तुझ्या हातात पाहिजे. मजकूर पाठव." मग ते म्हणाले, "ती स्पेलिंगं मला तेव्हाच दिसायला हवी होती. दाखला घेताना मी वाचलाच नाही. पोरगी झाल्याच्या गडबडीत होतो."

कुठल्या पोरीच्या वेळी, ते त्यांनी सांगितलं नाही.

बुधवारी दुपारी कागदाचा फोटो आला आणि पाठोपाठ आईचा फोन. आई हळू आवाजात बोलत होती, म्हणजे बाबा घरातच होते.

"अगं, कोर्टाबाहेरच्या त्या टायपिस्टने आधी काय लिहिलं माहितेय? 'सदर व्यक्ती माझी थोरली मुलगी होती.' त्याच्याकडे तयार मजकूर असतो, त्यात नावं भरतो. तुझे बाबा म्हणाले, 'होती' नाही, 'आहे'. तो म्हणाला, काका, अर्थ कळतो हो त्यांना, शिक्का मारून टाकू, पुढे गर्दी आहे. तर हे हटूनच बसले. म्हणाले, त्यांना कळत असेल, मला नाही कळत. सगळं पान पुन्हा टाइप करायला लावलं. नवीन स्टॅम्प पेपर आणायला मला पिटाळलं."

"मग?"

"मग वाचलं. तीनदा. आणि सही केली." आईने आवाज आणखी खाली आणला. "येताना मला म्हणाले, पित्ताशय काढल्यावर तेलकट चालत नाही, तिला माहीत असेल ना? मी म्हटलं, अहो, ती नर्स आहे."

गुरुवारी धाकटी त्या फोटोची छापील प्रत आणि रात्रीतून करून घेतलेलं भाषांतर घेऊन त्याच दुसऱ्या मजल्यावर गेली. या वेळी खिडकीत कागद घेऊन तिला आतल्या खोलीत बोलावलं. टेबलामागे एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. त्यांनी दोन्ही अर्ज समोर ठेवले होते.

"गेल्या महिन्यात तुम्ही पर्यटनाला निघाला होतात."

"हो."

"आता बहिणीच्या ऑपरेशनला."

"तेव्हाही ऑपरेशनलाच निघाले होते. मी खोटं लिहिलं. बहीण तिथे आहे म्हटलं तर तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं."

"आणि नाही लिहिलं म्हणून नाही म्हटलं," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असली माणसं रोज येत असावीत. त्यांनी प्रतिज्ञापत्राचं भाषांतर वाचलं. मग मार्गदर्शक बाईंचं पत्र. तिथे शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "या कोण?"

"माझ्या मार्गदर्शक. त्या अशाच आहेत."

"तुमचे ट्रे कसले आहेत?"

धाकटीने बियाणं, मोड, ओल, तापमान सगळं सांगितलं. तिला थांबवणार कोण, म्हणून ती सांगतच राहिली. अधिकारी बाईंनी शेवटी हात वर केला. "पुरे. सोळाच्या आत होईलच असं सांगत नाही. बघते."

सोळाच्या आत झालं नाही. सोळाला ताईचं ऑपरेशन झालं आणि सोबत नाही म्हणून तिला सोडलं नाही. तिच्याच हाताखालच्या मुली तिला गोळ्या आणून देत आणि हुकूम सोडू नका म्हणत. अठराला दुपारी निळ्या पिशवीतून पासपोर्ट आला. त्यात एका पानावर व्हिसा होता: एकदाच प्रवेश, आठ दिवस. धाकटीने तारखा दोनदा वाचल्या, ट्रेची वही मार्गदर्शक बाईंच्या टेबलावर ठेवली आणि चारची गाडी पकडली. बॅगेत घाईघाईत कपड्यांपेक्षा कागदच जास्त भरले गेले.

ताई दवाखान्याच्या खाटेवर बसून होती, घरचे कपडे घालून तयार. चेहरा उतरलेला, पण तोंड शाबूत. "किती वाळलीस!" ती म्हणाली. खरं तर हे वाक्य धाकटीचं होतं.

ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकेका पायरीवर थांबत दोघी वर पोचल्या. पहिले दोन दिवस ताई झोपून होती आणि धाकटी मऊ भात, गोळ्या, ड्रेसिंग यांत. तिसऱ्या दिवशी ताईने विचारलं, "तो कागद आणलायस?"

धाकटीने फाइल दिली. ताईने प्रतिज्ञापत्र वाचलं. टायपिस्टची गोष्ट ऐकली. मग उशी पाठीमागे नीट लावून घेतली आणि म्हणाली, "याची एक प्रत मला काढून दे." धाकटी खालच्या दुकानात जाऊन प्रत काढून आली.

पाचव्या दिवशी सकाळी धाकटीचा फोन वाजला. आईचा नंबर, पण बोलत होते बाबा. टाके केव्हा काढणार, ताप आहे का, जेवण जातं का, असं त्यांनी धाकटीला विचारलं. धाकटी म्हणाली, "तिलाच विचारा ना," आणि त्यांना काही म्हणायला सवड न देता फोन ताईच्या हातात दिला.

ताईने फोन कानाला लावला. मग म्हणाली, "हॅलो."

"ताप नाही ना?"

"नाही, बाबा."

"जिना चढू नकोस एवढ्यात."

"नाही चढत."

"बरं." आणि थोड्या वेळाने, "तिथे थंडी आहे?"

"आहे. पण खोलीत हीटर आहे."

"बरं मग. आईला देतो."

एवढंच. आईने फोन घेतला तेव्हा ताईला बोलता येत नव्हतं. टाक्यांवर ताण येतो म्हणून ती पोटावर उशी दाबून धरून रडत होती, आणि मधेच हसतही होती, कारण पेशंटना खोकताना अशीच उशी धरायला तिनेच शिकवलं होतं. धाकटीने फोन घेऊन आईला सांगितलं, "ती बरी आहे. जरा वेळाने बोलते."

लग्नाचा विषय तेव्हा निघाला नाही आणि पुढेही कधी निघाला नाही. बाबा आता दर रविवारी सकाळी ताईला फोन करतात. बोलणं दोन-तीन मिनिटांचं असतं, आणि त्यातलं निम्मं हवेबद्दल. ताई रविवारची सकाळची ड्यूटी घेत नाही.