शनिवारी पालथा होणारा ड्रम

मी निळा ड्रम बोलतोय. आज मला राग आलाय, तेव्हा नीट ऐका.

कारखान्यात जन्मलो, आधी पोटात तेल वाहिलं. मग धुऊन लातूरच्या बाजारात उभं केलं. साहेबराव सरांनी मला आपल्या ऑफिसात आणलं, पाणी साठवायला. दुष्काळाचं साल, टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. इथली सहा पोरंपोरी कॉम्प्युटरवर काम करतात. कोणत्या गावाला पाणी कधी धाडायचं, त्याचं सॉफ्टवेअर त्यांचंच.

शनिवारी मी रिकामा असलो की त्यांच्यातली थोरली पंचशीलाताई मला पालथं घालायची, वर लॅपटॉप ठेवायची. बाकीचे सतरंजीवर. ज्यानं त्यानं आठवडाभरात शिकलेलं सांगायचं. नियम एकच, ज्याची चूक झाली त्यानं आधी बोलायचं.

"वीरण्णा, ऊठ! आजचा मान तुझा हाय," पोरं हसायची. तोही हसत सांगायचा.

चहा करणारी पंचफुला दारातून ऐकायची. सातवी शिकलेली. दोन वर्षांची लेक आईजवळ ठेवलेली, निलंग्याकडच्या पिंपळवाडीत. तिचा जीव सदा तिकडंच. एका शनिवारी तिनं भीत भीत विचारलं, "ताई, पिंपळवाडी औशाकडं बी हाय. मशीनला कसं कळतं?"

ताईनं लॅपटॉपवर बघितलं. मशीनला कळतच नव्हतं! "तालुका बघूनच गाडी सोडायची. पुढच्या शनिवारी दाखवते सगळ्यांना," ताई म्हणाली.

पुढच्या शनिवारी सर ओरडले, "लोक म्हणून राहिलेत, नवा जिल्हा होणार, काम दुप्पट येईल. अन् तुम्ही गप्पा मारून राहिले? बंद करा हे!"

"सर, दहाच मिनिटं..."

"मेल कर."

मला गॅलरीत ढकललं. ताईनं धाडलेला मेल कुणी उघडला नाही. ताई भावाच्या लग्नाला भोकरला गेली. टँकरची यादी आली त्यानंतर कामाला लागलेल्या रेवणसिद्धकडं. पडद्यावर पहिली दिसली ती पिंपळवाडी त्यानं निवडली. तीन खेपा औशाकडं गेल्या. निलंग्याकडून फोन आले, तर इथून उत्तर काय? "गाडी पोचली दिसतेय." तिकडं माणसं विहिरीचा गाळ पीत होती.

पंचफुलाची लेक दवाखान्यात आहे. आता डोळे उघडते, पण सलाईन सुटलेलं नाही.

आज सर रेवणसिद्धवर तुटून पडले. "मेल होता की!"

"मला कुणी सांगितलंच न्हाई, सर," तो रडकुंडीला आला.

तेवढ्यात दवाखान्यातून पंचफुला आली. कधी आवाज न चढवणारी बाई. "मेल व्हता, अन् माणसं न्हवती का हितं? तोंडं न्हवती? मी विचारलं तवा समद्यांनी ऐकलं व्हतं!"

ती गॅलरीत आली. माझ्यातलं पाणी तिनं बादल्यांत काढलं, एक थेंब सांडू दिला नाही. मग मला फरफटत आणून मधोमध पालथं आदळलं.

"बसा खाली. रेवणसिद्धदादा, तुमी नंतर. आधी बोलायचा मान सरांचा."

सर अजून उभेच आहेत. मी पालथा आहे, पोरं सतरंजीवर बसलीत. बसा ना सर. बोला.