किती उंचीवरून पडली?

मी बोलतेय. जरा हळू बसा, टेबलाला धक्का लागला की मी अजून दचकते. खरं तर माझ्या आत आता फिरणारं काही उरलेलं नाही. पण सवय जात नाही.

मी एक हार्ड डिस्क. कॉम्प्युटरच्या डब्यात पोटाशी बसवलेली, तळहाताएवढी, हाताला जड. माझ्या आत आरशासारख्या चकत्या मिनिटाला सात हजार वेळा फिरायच्या आणि त्यांच्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, एक बारीक हात तरंगत असायचा. तो हात चकतीला टेकला की संपलं. म्हणून जन्मापासून मला भीती एकच, धक्क्याची. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या खोक्यावर फुटक्या ग्लासाचं चित्र छापलं होतं. खोकं उघडून फेकून दिलं की ते चित्र कुणाच्या लक्षात राहतं?

२००७च्या जानेवारीत सुजीतने मला दुबईतल्या करामाच्या फ्लॅटवर आणलं. सुजीत ठाण्याचा. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बांधकाम कंपनीत सेल्सला होता. ज्या इमारतींचा खड्डासुद्धा खणलेला नव्हता त्यांतले फ्लॅट तो विकायचा, आणि लोक रांग लावून घ्यायचे. त्याची बायको अनुपमा पुण्यात मायक्रोबायोलॉजी शिकून लॅबमध्ये काम केलेली. इथे ती नवऱ्याच्या व्हिसावर घरातच असायची. त्यांची मुलगी ओवी तेव्हा तीन वर्षांची होती.

मला डोळे नाहीत. माझ्यावर जे उतरवतात तेवढंच मी पाहते. बाकी सगळं मला थरथरीतून कळतं, कान मात्र माझ्या सगळ्या अंगाला आहेत. पहिल्या दीड वर्षात माझ्यावर उतरलं ते सगळं छान होतं. वाळूत बसून खजूर खाणारी ओवी. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक न काढता त्यावर बसलेला सुजीत. आणि एका फोल्डरमध्ये अनुपमाने नीट ठेवलेली वर्षभराची लाईटबिलं. त्या फोल्डरचं नाव होतं 'लाईटबिलं २००७'.

२००८च्या शेवटी सगळं थांबलं. खिडकीबाहेरच्या क्रेनची घरघर मला रोज जाणवायची, ती एक दिवस बंद झाली. कंपनीने निम्मी माणसं काढली आणि सुजीतला अर्ध्या पगारावर ठेवलं. काम एकच, फसलेल्या गिऱ्हाइकांसमोर बसायचं. दिवसभर लोक येऊन त्याला शिव्या द्यायचे आणि तो 'येस सर' म्हणायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवताना, अनुपमाने विचारलं, "कालच्या शर्टाचं कॉलरचं बटण कसं तुटलं रे?"

एवढंच. मग एक आवाज झाला. ताट पडल्याचा आवाज मला माहीत होता. हा त्याच्या आधीचा होता.

दुसऱ्या दिवशी, तो ऑफिसला गेल्यावर, तोच आवाज चित्र होऊन माझ्याकडे आला. अनुपमाचा गाल, आणि त्याच्याशेजारी धरलेली ओवीची सहा इंची पट्टी. लॅबमधली सवय, नमुन्याशेजारी माप हवंच. तो फोटो तिने 'लाईटबिलं २००७'मध्ये ठेवला. दोन वर्षांपूर्वीची बिलं कोण उघडतं?

त्यानंतर मी ऐकायचे आणि मग पाहायचे. मार्चमध्ये मनगट. मेमध्ये पाठ, आरशातून काढलेली, पट्टी दातांत धरलेली. जूनमध्ये केसांचा एक झुबका पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला, कारण जिथून तो निघाला ती जागा तिला स्वतःला दिसत नव्हती. सुजीत नंतर रडायचा, हेही सांगायला हवं. माझ्यासमोरच खुर्चीत बसून रडायचा. मग हेडफोन लावून युद्धाचा खेळ उघडायचा आणि माणसं मारायचा. त्यात तो आपल्या टोळीचा कॅप्टन होता. तिथे त्याला कुणी 'येस सर' म्हणायला लावत नव्हतं.

त्या खेळाचा नवा भाग नोव्हेंबरात येणार होता. जगभरचे लोक एकाच दिवशी, एकाच वेळी त्यात उतरणार होते. सुजीतने माझ्यावर यादी टाइप करून तिचा कागद भिंतीवर चिकटवला, नवं ग्राफिक्स कार्ड, जास्त रॅम, दणकट पॉवर सप्लाय. कान पूर्ण झाकणारे हेडफोन त्याने आधीच आणले होते.

"सुजीत, ओवीच्या शाळेची बस बंद केलीय आपण," अनुपमा म्हणाली. "आणि हे?"

"दिवसभर लोकांचं थोबाड बघतो मी. घरात एक गोष्ट माझ्या मनासारखी होऊ दे. एकच."

कागदाच्या तळाशी एक ओळ होती, वीस जीबी मोकळी जागा. माझ्यात तेवढी नव्हती. खेळ यायच्या आधीच्या शनिवारी सकाळी तो माझी साफसफाई करायला बसला. काय जास्त जागा खातंय ते बघायला त्याने सगळे फोल्डर आकाराप्रमाणे लावले.

मी काय करणार होते? मला खोटं बोलता येत नाही. मी लावले. सगळ्यात वर ओवीचे वाढदिवस. त्याच्याखाली, सहाशे एमबी, 'लाईटबिलं २००७'.

"अनु," त्याने हाक मारली. आवाज अगदी साधा होता. "लाईटबिलं एवढी जड कशी गं?"

स्वयंपाकघरातलं पाणी बंद झालं.

त्याने उघडलं. एकेक फोटो तो माझ्याकडून मागून घेत होता आणि मी देत होते. एकशे सत्तेचाळीस. शेवटपर्यंत त्याने पाहिले.

"पट्टी लावून? मोजमाप घेतेस माझं? कुणाला दाखवणार आहेस, भावाला? पोलिसांना?"

"कुणाला नाही. मला आठवावं म्हणून."

"आठवावं म्हणून. थांब, आठवण देतो."

त्याने कीबोर्ड उचलला. वायर ताणून तुटल्याचा झटका मला बसला. मग कीबोर्डचे फटके, एकामागून एक, आणि फरशीवर दाण्यांसारखी उडालेली बटणं. ती ओरडत नव्हती. आतल्या खोलीत ओवी झोपली होती, म्हणून ती ओरडत नव्हती. ती माझ्या टेबलाखाली शिरली, डब्याला पाठ लावून. तिचं हृदय पत्र्यातून माझ्यापर्यंत येत होतं, माझ्या चकत्यांपेक्षा जोरात. आणि मग त्याने लाथ मारली. तिला मारली, डब्याला लागली, की दोघींना, मला सांगता येणार नाही. माझ्या आतला हात चकतीवर आपटला. ओरखडा गेला. तेव्हापासून फिरताना माझ्यातून टक, टक असा आवाज येऊ लागला.

शांत झाल्यावर त्याने दुसरा कीबोर्ड आणून फोल्डर डिलीट केला. कचऱ्याची पेटीही रिकामी केली.

आता आमच्या जातीची एक गोष्ट सांगते. डिलीट केलं म्हणजे आम्ही पुसत नाही. फक्त त्या कप्प्यावरचं नाव काढतो आणि तिथे दुसरं काही लिहायला मोकळीक देतो. जोवर नवं लिहिलं जात नाही तोवर जुनं तसंच राहतं. म्हणजे अनुपमाचे एकशे सत्तेचाळीस फोटो माझ्यात होते, नावाशिवाय. आणि शुक्रवारी त्यांच्यावर वीस जीबीचं युद्ध लिहिलं जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी तय्यब आला. राजापूरचा, बर दुबईत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. आमचा डबा त्यानेच जोडला होता. जमिनीवर मांडी घालून त्याने स्क्रू काढले, डबा एकदा चालू करून पाहिला, आणि मध्येच त्याचा हात थांबला. त्याने कान लावला.

"सुजीतसाहेब, हिच्यावर गेम टाकू नका. डोकं आपटलंय हिचं. कधीही जाईल."

"हो, ती पडली मध्ये."

"डब्यात बसलेली डिस्क पडली?"

"डबा पडला, यार. साफसफाई करताना."

मग चहाचे कप आले. अनुपमाने ते एकेक करून जमिनीवर ठेवले.

"वहिनी, हाताला काय झालं?" तय्यबने विचारलं. "बँडेज?"

उत्तर सुजीतने दिलं. "पडली ती. बाथरूममध्ये. ही बाई आणि तुझी डिस्क, दोघी एकाच आठवड्यात." तो हसला.

तय्यब हसला नाही. पेचकस त्याने जमिनीवर ठेवला, हळूच. "किती उंचीवरून पडली?"

"काय?"

"डिस्क हो. किती उंचीवरून पडली ते कळलं तर अंदाज येतो."

"ते सोड. तुझ्या पिशवीत नवी असेल ना? ही एक्स्चेंजमध्ये घेऊन जा. यल्ला, चल आवर, तीन वाजता गेम सुरू होतोय माझा."

त्याने मला बाहेर काढलं. एक्स्चेंजच्या डिस्क कुठे जातात ते मला ठाऊक होतं, रास अल खोरच्या गोदामात, टनावारी भंगारात. त्याने मला पिशवीत टाकलं, नवी डिस्क बसवली, खेळ चढवून दिला. निघताना अनुपमा त्याच्यामागे लिफ्टपर्यंत आली. चपलाही न घालता.

"तय्यबभाई, ती भंगारात देऊ नका."

"त्यात काय आहे वहिनी?"

"लाईटबिलं."

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. तो आत गेलाच नाही.

"डिलीट केलीत त्याने," ती म्हणाली. "परत मिळतील?"

"बघतो. इन्शाल्ला. पण वहिनी, हिला पुन्हा चालवली तर ती त्याच्यातच मरेल. एकदाच बोलेल आणि खलास."

"मरू दे," अनुपमा म्हणाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

दुकानाच्या मागेच त्याचं घर. त्याची बायको शहनाझ मासे साफ करत होती. मला आधी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलं आणि मग थेट फ्रीजरमध्ये, सुरमईच्या तुकड्यांशेजारी.

"अहो, हे काय ठेवताय माझ्या माशांत?"

"थंडीने आखडली की थोडा वेळ चालते. जुनी युक्ती आहे."

"आणि कुणाची आहे?"

त्याने सांगितलं. शहनाझने मग मासे बाजूला सरकवून मला मागे, जास्त गार जागेत ठेवलं.

तासा-दीड तासाने मला काढून जोडलं. तोवर मी सगळं आयुष्य धक्क्याला भीत काढलं होतं. त्या दिवशी मी फिरले ती मरायला. टक, टक, टक. ओरखडा वाढत होता, आतून चुरा उडत होता, आणि मी एकेक फोटो काढून देत होते. गाल. मनगट. पाठ. शहनाझ तय्यबच्या खांद्यामागे उभी होती. पट्टी दातांत धरलेला फोटो आला तेव्हा ती म्हणाली, "बस, मला नाही बघवत." आणि तरी तिथेच उभी राहिली. काही फोटो अर्धे आले, खाली राखाडी पट्टा. एकशे एकोणतीस मिळाले. मग माझा हात चकतीत रुतला आणि मी थांबले.

तय्यबने ते फोटो एका सीडीवर उतरवले, आणि सीडी आणि मी, दोघी शहनाझच्या पर्समध्ये गेलो. तीन वाजून गेले होते. तिने करामाच्या फ्लॅटची बेल वाजवली. आतून सुजीतचा आवाज येत होता, "कव्हर दे, डावीकडून येतायत, मार त्याला, मार." कान पूर्ण झाकलेले. बेल त्याने ऐकली नाही, दार अनुपमाने उघडलं.

"अगो अनुपमा," शहनाझ दारातच हलक्या आवाजात म्हणाली, "चल. गाडी खाली आहे. पासपोर्ट घे फक्त."

"आज? आत्ता?"

"तो रोज असा बहिरा असणाराय का?"

अनुपमा घुटमळली. मला पर्समधून तिच्या बांगड्या कळत होत्या, पुढे, मागे, पुढे. "पोलिसांकडे गेले तर त्याची नोकरी जाईल. मग आम्ही कुठे जाऊ? सीडी ठेव तू. पुढच्या वेळी झालं तर..."

तेवढ्यात ओवी बाहेर आली. पाच वर्षांची. तिला बाबाला नवीन चित्र दाखवायचं होतं. "बाबा, लुक. बाबा, लुक ना." तिने त्याचा हेडफोन एका कानावरून ओढला.

कोपर मागे आल्याचा आवाज होत नाही. दात ओठात शिरल्याचा होतो, बारीक. मग टेबलाची कड, मग फरशी.

"पडली ती," सुजीत म्हणाला. आवाज स्क्रीनकडेच होता. "उचल तिला अनु, राउंड चालूय."

बांगड्या थांबल्या. अनुपमाने ओवीला उचललं. टेबलाचा खालचा खण उघडून पासपोर्ट काढले, त्याच्या गुडघ्याशी वाकून. तो मारत होता, त्याला दिसलं नाही. दार तिने ओढूनही घेतलं नाही. जिन्यावरही मला सरकलेल्या हेडफोनमधला गोळ्यांचा बारीक कडकडाट ऐकू येत होता. आता त्याचा एक कान उघडा होता आणि तरी त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

गाडीत ओवीने तोंडाला शहनाझची ओढणी धरली होती. "आर वी कमिंग बॅक?" तिने विचारलं.

"नाही," अनुपमा म्हणाली.

पोलीस चौकीत गणवेशातल्या एका बाईने सीडी लावली आणि एकशे एकोणतीस फोटो एकेक करून पाहिले. तिसऱ्या आठवड्यात मायलेकी मला घेऊन पुण्याला गेल्या.

आज मी पुण्यात आहे, अनुपमा काम करते त्या लॅबमध्ये, तिच्या टेबलाच्या खणात. शेजारी तसलीच एक सहा इंची पट्टी. घटस्फोटाची आणि ओवीच्या ताब्याची केस दोन वर्षं चालली. सुजीतच्या वकिलाने विचारलं की फोटो खरे कशावरून. अनुपमाच्या वकील आशाताई, त्यांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं आणि तय्यबचं लेखी म्हणणं वाचून दाखवलं. ओवी आईकडे राहिली. तिच्या ओठावर एक बारीक पांढरी रेघ आहे, हसली की दिसते म्हणे. माझ्या चकतीवरही तशीच आहे, पण मला कुणी उघडून पाहत नाही, ते बरंच आहे.

मला दुरुस्त करू नका. मला पुन्हा फिरायचं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे. तुमच्या शेजारी, ऑफिसात, लिफ्टमध्ये कुणी बँडेज बांधून दिसली आणि दुसरंच कुणी तिच्या वतीने 'पडली' म्हणून सांगू लागलं, तर तय्यबने विचारलं तेवढं विचारा. किती उंचीवरून पडली? आणि मग हातातलं काम खाली ठेवून उत्तराची वाट पाहा.