दोन तुकड्यांतलं तळं

अश्लेषाच्या तळ्याचे नकाशावर दोन तुकडे झाले होते आणि उद्या दहा वाजता तिच्या प्रोफेसरबाई ते प्रकरण प्रबंधातून काढून टाकायला सांगणार होत्या.

माझी लेक हॉलंडमधल्या डेल्फ्टमध्ये बसून पीएचडी करते ती अमेरिकेतल्या आयोवाच्या एका काउंटीवर. काउंटी म्हणजे आपला तालुकाच समजा. सगळी मक्याची शेतं. पूर्वी तिथे मोठं तळं होतं, तिथले मूळ रहिवासी मेस्क्वाकी लोक बदकं मारायला यायचे. सरकारनं त्यांना उठवलं. मग हॉलंडचे शेतकरी गेले आणि त्यांनी इथल्यासारखे चर खणून तळं कोरडं केलं, असं अश्लेषाचं म्हणणं. पुरावा एकच, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची मोजणीची वही. त्यात नकाशा नाही, नुसते नंबर: दहा, अकरा, चौदा, पंधरा या चौकोनांत पाणी.

"मला बघू दे की," मी म्हणालो. मी तेव्हा तिच्याकडेच राहायला आलो होतो.

"बाबा, प्लीज! हे तुमच्या ऑफिससारखं नाहीये. आय हॅव टू फिनिश धिस."

माझं ऑफिस म्हणजे भूमी अभिलेख. तेहतीस वर्षं भूकरमापक, म्हणजे जमिनी मोजणारा होतो मी, अर्ध्या तालुक्याचे बांध माझ्या पायाखालून गेलेत. पण शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ही पोरगी 'सरकारी नोकरी' एवढंच लिहायची. मैत्रिणींचे वडील इंजिनियर ना! मला ते लागायचं, कधी बोललो नाही.

चहा द्यायच्या निमित्तानं मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. स्क्रीनवर तिनं मांडलेल्या सहा ओळी, ओळीत सहा चौकोन, एकेक चौकोन मैलभराचा. पहिला नंबर ईशान्येच्या कोपऱ्यात, तिथून डावीकडे सहापर्यंत. खालच्या ओळीत सात पुन्हा उजव्या टोकाला. त्यामुळे दहा-अकरा पश्चिमेला आणि चौदा-पंधरा पूर्वेला जाऊन पडले होते, तळं मधोमध तुटलं होतं.

"सहापासून सात इतका लांब कसा?"

"ओळ बदलते ना, बाबा."

"मोजणीदार पायी चालतो. मोजणीची साखळी खांद्यावर टाकून सहा मैल उलटा जाईल, इतका खुळा कुणी नसतो. वहीत बघ, सहाच्या दक्षिणेला कोण?"

तिनं पानं चाळली. "सात," ती हळूच म्हणाली.

"मग? आपल्याकडे नंबर वायव्येला सुरू होतात, यांचे ईशान्येला. चाल तीच, एक ओळ इकडून, दुसरी तिकडून. दुसरी, चौथी, सहावी ओळ उलटव."

तिनं उलटवल्या. पंधराच्या डोक्यावर दहा आला, चौदाच्या डोक्यावर अकरा. तळं एकसंध झालं आणि आजच्या नकाशावरच्या सखल जमिनीत नेमकं बसलं. अश्लेषा वहीतला एकेक नंबर पुन्हा तपासत बसली. चहा निवला, तो मी पुन्हा गरम करून आणला.

दुसऱ्या दिवशी ती मला सोबत घेऊन गेली. प्रोफेसरबाईंनी नकाशा वहीशी ताडून पाहिला, प्रकरण ठेवा म्हणाल्या आणि चूक कुणी पकडली ते विचारलं.

"माय फादर," अश्लेषा माझ्याकडे हात करून म्हणाली. "ही इज अ लँड सर्व्हेयर."

सरकारी नोकरी म्हणाली नाही.